काचेसारख्या माशाला रंग कशाला?

ग्लासफिश नावाने विकला जाणारा मासा आपल्याच पाण्यातला आहे. शास्त्रीय नाव पॅरांबॅसिस रंगा. लांबी दोन-तीन इंच, आणि अंग इतकं पारदर्शक की पाठीचा काटा मणक्यागणिक दिसतो, पोटाजवळची चंदेरी पिशवी चमकते. गंगेच्या खोऱ्यातल्या माशांची नोंद करताना हॅमिल्टन या स्कॉटिश डॉक्टरने १८२२ मध्ये त्याचं वर्णन छापलं. पाकिस्तानापासून म्यानमारपर्यंत नद्या, तळी, भाताची खाचरं अशा ठिकाणी तो सापडतो, महाराष्ट्रातही सापडतो. या माशाचं सगळं कौतुक त्याच्या बिनरंगी असण्यातच आहे. आणि नेमक्या याच माशाला सुईने रंग टोचून जगभर विकलं गेलं.

हा उद्योग आग्नेय आशियातल्या मत्स्यशेतांवर वाढला. पेंटेड ग्लासफिश, डिस्को फिश अशी नावं देऊन हे मासे युरोप-अमेरिकेच्या दुकानांत गेले, तसे आपल्याकडच्या टाक्यांतही आले. पाठीच्या कडेने गुलाबी, पोपटी, केशरी पट्टे. घेणाऱ्याला वाटतं जातच अशी असावी. प्रत्यक्षात एकेका माशाला हातात धरून, पोकळ सुईने, अंगात चार-पाच ठिकाणी चमकता रंग भरलेला असतो. माशाचा आकार पाहता ती सुई म्हणजे माणसाच्या पाठीत पेन्सिल खुपसण्यासारखी. यात किती मरतात याचा हिशेब दुकानापर्यंत येत नाही, कारण दुकानात फक्त वाचलेले येतात.

वाचलेल्यांचं काय होतं हे मात्र तपासलं गेलं आहे. ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकात स्टॅन मॅकमहन आणि पीटर बर्जेस यांनी रंगवलेले आणि न रंगवलेले ग्लासफिश तपासले. लिम्फोसिस्टिस नावाचा एक विषाणूजन्य आजार आहे, त्यात अंगावर पांढरट गाठी येतात. रंगवलेल्यांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त माशांना तो होता, न रंगवलेल्यांत तेच प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास. एकच सुई न धुता शेकडो माशांना टोचली तर दुसरं काय होणार? एवढं करूनही रंग टिकत नाही. काही महिन्यांत पट्टे फिके पडतात, पुष्कळदा पूर्ण जातात. म्हणजे ग्राहकाने ज्यासाठी पैसे मोजले ते त्याला मिळत नाही आणि माशाने ज्याची किंमत मोजली ते कुणाच्याच हाती उरत नाही.

सुई हा एक मार्ग. दुसरा मार्ग बुडवण्याचा. माशाच्या अंगावर एक बुळबुळीत थर असतो. हातातून मासा निसटतो तो त्याच थरामुळे, आणि जंतू आत शिरत नाहीत तेही त्यामुळेच. दाहक द्रावणात बुडवून हा थर काढायचा, मग मासा रंगात बुडवायचा आणि थर पुन्हा येईल अशा औषधी पाण्यात सोडायचा. पांढरे स्कर्ट टेट्रा हे छोटे मासे अशा रीतीने निळे-जांभळे केले जात. पॅरट सिक्लिड या जाडजूड, चोचीसारख्या तोंडाच्या माशाचे तर आणखी हाल. त्याला रंग देतात, अंगावर लेझरने अक्षरं आणि नक्षी कोरतात, आणि शेपूट कापून उरलेलं शरीर बदामाच्या आकाराचं दिसेल असंही करतात. व्हॅलेंटाईनची भेट म्हणून.

अशा गोष्टी ऐकल्यावर बहुतेक माणसं हळहळतात आणि लगेच एक प्रश्न टाकतात : पण माशाला दुखतं का?

एडिंबरोजवळच्या रॉझलिन संस्थेत लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ट्राउट माशांच्या ओठांत मधमाशीचं विष किंवा सौम्य आम्ल टोचलं, तर काहींच्या ओठांत नुसतं मिठाचं पाणी. पाणी टोचलेले मासे लवकर खायला आले. विष आणि आम्लवाल्यांनी खाण्याकडे कितीतरी जास्त वेळ पाठ फिरवली. ते तळाशी बसून अंग डोलवत राहिले, आम्लवाले टाकीतल्या खड्यांवर ओठ घासत राहिले. मॉर्फिन दिल्यावर हे वागणं कमी झालं. इजा ओळखणाऱ्या चेतापेशी माशांच्या तोंडाभोवती आहेत हेही त्यांनी दाखवलं. यावर आक्षेप घेणारे शास्त्रज्ञ आहेत. माशाला आपल्यासारखं मेंदूचं बाह्यक ऊर्फ कॉर्टेक्स नाही, म्हणून त्याला वेदनेची जाणीव असूच शकत नाही, असं त्यांचं म्हणणं. हा वाद मिटलेला नाही. पण तो मिटेपर्यंत सुई चालू ठेवायची की थांबवायची, हे ठरवायला वाद मिटण्याची वाट पाहावी लागत नाही. थांबवली आणि माशाला दुखत नसल्याचं पुढे सिद्ध झालं, तर आपलं नुकसान एवढंच की काही वर्षं दिवाणखान्यात गुलाबी पट्ट्यांचे मासे नव्हते. चालू ठेवली आणि उलटं सिद्ध झालं, तर?

आता खरा अवघड आक्षेप, आणि तो आपल्याकडे हमखास येतो. कोकणातला, मुंबईतला माणूस तो घेणारच. तुम्ही बांगडा तळून खाता, सुक्या बोंबलाची चटणी करता, चिंबोऱ्या जिवंत घरी आणता, आणि टाकीतल्या माशाला सुई टोचली म्हणून गळा काढता? हा आक्षेप मला थट्टेवारी नेण्यासारखा वाटत नाही. जाळ्यातला मासा गुदमरून मरतो, तेही काही सुखाचं मरण नव्हे. मासेमारीतल्या क्रौर्यावर स्वतंत्रपणे बोलायला हवं आणि जो बोलेल त्याचं ऐकूनही घ्यायला हवं.

पण या आक्षेपातून निष्कर्ष काय काढायचा? एक मोठी इजा आपण स्वीकारली आहे म्हणून बाकीच्या सगळ्या लहान इजा आपोआप माफ, असं कुठल्याच व्यवहारात चालत नाही. कोंबडी खाणारा माणूसही पोराने कोंबडीचे पाय पिरगाळले तर त्याच्या पाठीत धपाटा घालतोच. खाण्यासाठी मारण्यामागे निदान भूक आहे, प्रथिनं आहेत, किनाऱ्यावरच्या लाखो कुटुंबांची चूल आहे. हे समर्थन पुरतं की नाही यावर भांडता येईल, पण समर्थन असं काहीतरी आहे. ग्लासफिशच्या पाठीतल्या गुलाबी पट्ट्यामागे काय आहे? तो न टोचलेलाही टाकीत सुंदर दिसतो. म्हणजे इजा केली ती शोभेसाठीसुद्धा नाही, दुकानातल्या पन्नास टाक्यांमध्ये आपली टाकी आधी दिसावी एवढ्यासाठी. मांसाहारी माणसाला हा फरक कळत नाही असं मानणं म्हणजे त्याला उगाच कमी लेखणं आहे. उलट मासे खाणाऱ्या समाजात ताजा मासा, शिळा मासा, गाभोळीचा मासा यांची जेवढी जाण असते, तेवढी दिवाणखान्यात टाकी ठेवणाऱ्या शाकाहारी घरात क्वचित असते. हे अवांतर झालं, पण राहवलं नाही.

दुसरा आक्षेप पोळ्याचा. बैलाची शिंगं आपण रंगवतो, बेगड लावतो, झूल चढवतो, मग माशालाच का सूट नाही? त्या सणात आदल्या दिवशी खांदेमळणी होते, वर्षभर जू वाहिलेला खांदा हळद-तुपाने चोळला जातो, त्या दिवशी बैलाला कामाला जुंपत नाहीत. शिंगाचं वरचं कवच निर्जीव असतं, त्याला लावलेला हिंगूळ बैलाच्या रक्तात जात नाही. (हल्ली ऑइलपेंटचे डबे ओततात, ते मलाही आवडत नाही.) मुख्य म्हणजे रंगवलेला बैल दुसऱ्या दिवशीही त्याच गोठ्यात असतो आणि त्याला काही झालं तर मालकाचीच झोप उडते. पोळ्याची खरी उलट बाजू पाहायची तर आठवडे बाजारात आणि जत्रेत पाहावी. तिथे टोपलीत गुलाबी, हिरवी, निळी कोंबडीची पिल्लं विकायला असतात. ती बहुधा अंड्यांच्या जातीतली नर पिल्लं. उबवणी केंद्राला त्यांचा उपयोग नसतो, म्हणून स्वस्तात बाहेर पडतात आणि रंगात बुचकळून पोरांना विकली जातात. त्यांतली बरीचशी आठवडाभरही जगत नाहीत, पण विकणाऱ्याला त्याचं काही नसतं. रंगवलेला मासा या टोपलीच्या जातीचा आहे.

रंगवण्याविरुद्ध बोलणारे काहीजण इथे थोडे घसरतात, असं मला वाटतं. ते म्हणतात, हे कृत्रिम आहे म्हणून वाईट. या न्यायाने गोल्डफिशही बाद होईल. चीनमध्ये शतकानुशतकं निवडून निवडून पैदास करून तो तयार झाला, जंगलात असा केशरी मासा टिकलाही नसता. खाद्यातून रंग खुलवणंही बाद होईल. झिंग्याची भुकटी, स्पिरुलिना नावाचं शेवाळ, गाजरातल्या रंगद्रव्यासारखी द्रव्यं खाऊन माशाचा तांबडा-पिवळा रंग उजळतो. पण तो रंग उमटवण्याची सोय माशाच्या कातडीत मुळातच असते, आणि नदीतही तो अशाच गोष्टी खाऊन रंगतो. यात कुणाचं काही बिघडत नाही. उलट, पूर्ण ‘नैसर्गिक’ मार्गाने, नुसत्या पैदाशीतून, माशाचं आयुष्य बिघडवता येतं. बलून मोली घ्या. पाठीचा कणा आखूड आणि वाकडा, पोट फुगलेलं, पोहताना सतत धडपड. बबल-आय गोल्डफिशच्या डोळ्यांखाली पाण्याच्या पिशव्या लोंबतात आणि टाकीतल्या दगडाला लागून फुटतात. पॅरट सिक्लिड हा १९८० च्या दशकात तैवानमध्ये तयार झालेला संकर. त्याचं तोंड नीट मिटत नाही, घास घशाच्या दातांनी चिरडावा लागतो. याला न रंगवता विकलं तरी प्रश्न संपत नाही. रंग नैसर्गिक की कृत्रिम, हा प्रश्नच चुकीच्या जागी आहे. त्या रूपासाठी माशाने काय भोगलं आणि पुढे काय भोगणार, हे विचारायला हवं.

या कसोटीवर एक गंमतीशीर अडचण उभी राहते. अंधारात निळ्या दिव्याखाली चमकणारे मासे आता सगळीकडे आहेत. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटला किंवा कुर्ल्याच्या मासेबाजारात गेलात तर भडक हिरव्या, गुलाबी टेट्रा आणि डॅनिओंच्या पिशव्या लटकलेल्या दिसतात. पुष्कळ जण यांनाही ‘इंजेक्शनवाले’ समजतात. बहुतेक वेळा ते तसे नसतात. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात झियुआन गाँग यांच्या गटाने १९९९ च्या सुमारास झेब्रा डॅनिओच्या अंड्यात जेलीफिशचं चमकणारं प्रथिन तयार करणारं जनुक घातलं. प्रदूषण ओळखणारा मासा करायचा होता. झाला शोभेचा मासा, आणि २००३ च्या अखेरीपासून अमेरिकेत तो ग्लोफिश या व्यापारी नावाने विकला जाऊ लागला. हा रंग पिढ्यान्‌पिढ्या उतरतो. सुई नाही, आम्ल नाही, जखम नाही. सुईवाला धंदा मागे पडायला प्राणीप्रेमींच्या भाषणांइतकाच हा मासाही कारणीभूत असावा, असा माझा अंदाज आहे. म्हणजे माशाच्या बाजूने पाहिलं तर जनुकबदल हा सुईपेक्षा कितीतरी दयाळू निघाला. जनुकाचं नाव काढलं की ज्यांच्या अंगावर काटा येतो त्यांनी हेही मान्य करावं.

तरी भारतात मी त्याच्या बाजूने हात वर करणार नाही, आणि त्याचं कारण टाकीत नाही, नदीत आहे. झेब्रा डॅनिओ हा इथलाच मासा, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला. ब्राझीलमध्ये मत्स्यशेतांतून सुटलेले चमकणारे डॅनिओ ओढ्यांमध्ये खाताना आणि अंडी घालताना आढळल्याचं तिथल्या संशोधकांनी २०२२ मध्ये नोंदवलं. तिथे निदान त्यांच्याशी संकर होईल असा स्थानिक भाऊबंद नाही. आपल्याकडे आहे. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या प्रयोगात साधे नर चमकत्या नरांना माद्यांपासून हुसकावून लावत आणि पंधराएक पिढ्यांत चमक जवळपास नाहीशी झाली, हेही सांगितलं पाहिजे. ते आश्वासक आहे, पण ते टाक्यांमधलं होतं, महापुरातल्या नदीतलं नव्हे. जनुकबदल केलेला जीव आणायचा, वाढवायचा किंवा विकायचा तर पर्यावरण कायद्याखालच्या १९८९ च्या नियमांप्रमाणे केंद्राची परवानगी लागते. जनुकबदल केलेल्या बीटी वांग्यावरून देशभर सुनावण्या झाल्या, २०१० मध्ये ते रोखलं गेलं. चमकता टेट्रा मात्र प्लॅस्टिकच्या पिशवीत बसून लोकलने घरोघर पोचला आणि त्याला कुणी कागद विचारला नाही.

कायद्याचं म्हणाल तर तो सुईच्या बाबतीत स्पष्टच आहे. प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा, १९६०. त्यात प्राणी म्हणजे माणूस सोडून कुठलाही सजीव, म्हणजे मासाही आला. कलम ११ प्रमाणे प्राण्याला जाणूनबुजून, विनाकारण अपायकारक द्रव्य देणं हा गुन्हा आहे. ग्लासफिशला टोचलेला रंग याहून वेगळा काय आहे? आणि शिक्षा? पहिल्या गुन्ह्याला दंड दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत. रंगवलेल्या माशांच्या एका जोडीच्या पैशात दंडही भरून व्हावा. २०२२ च्या अखेरीस दंड वाढवणारा दुरुस्तीचा मसुदा केंद्राने लोकांपुढे ठेवला होता, तो मसुद्यापुढे सरकला नाही.

मे २०१७ मध्ये केंद्राने खास मत्स्यालय आणि फिश टँकच्या दुकानांसाठी नियम काढले होते. त्यांचं काय झालं हे पाहण्यासारखं आहे. दीडशेहून जास्त जातींवर एका फटक्यात बंदी, काचेच्या गोल भांड्यांवर बंदी, दुकानांना नोंदणी आणि तज्ज्ञांची सक्ती. व्यापारी हादरले, पैदास करणारी घरं हादरली, ओरड झाली आणि नियम मागे घेतले गेले. सगळं एकदम धरायला गेल्यावर हाती काही लागलं नाही. सुई टोचलेला, बुडवून रंगवलेला, शेपूट कापलेला किंवा गोंदवलेला मासा विकता येणार नाही, एवढंच एक कलम आणलं असतं तर त्याविरुद्ध उघडपणे कोण उभं राहिलं असतं? जबाबदारी विकणाऱ्यावर टाकली की बँकॉकजवळचं शेत तपासायला कुणाला जावं लागत नाही. ग्लासफिशवर गुलाबी पट्टा आहे, म्हणजे तो टोचलेला आहे. त्याला प्रयोगशाळा लागत नाही.

पोटापाण्याचा मुद्दा इथे येतो आणि तो बाजूला सारून चालणार नाही. पश्चिम बंगालमध्ये, चेन्नईच्या कोळथूरमध्ये आणि आता आपल्याकडेही शोभिवंत मासे हा घरगुती उद्योग आहे. कांदळवन प्रतिष्ठानाच्या मदतीने खाडीकाठचे गट हे मासे वाढवतात. २०२० पासूनच्या मत्स्यसंपदा योजनेत अशा युनिटांना अनुदान आहे, महिलांना साठ टक्क्यांपर्यंत. या लोकांच्या पोटावर रंगबंदीने पाय येईल का? मला उलट दिसतं. घरामागच्या टाकीत गप्पी, मोली, एंजल वाढवणारी बाई माशांना सुया टोचत बसत नाही. रंगवलेला माल बहुतांश बाहेरून आला आणि त्याने तिच्या साध्या, निरोगी माशांना दुकानाच्या मागच्या रांगेत ढकललं. अनुदानाच्या अटींत एक ओळ घातली आणि मुंबई-पुण्याच्या घाऊक बाजारात एक तपासणी झाली, तर फायदा तिचाच आहे.

ब्रिटनमध्ये कायद्याची वाटही फार पाहिली नाही. ‘प्रॅक्टिकल फिशकीपिंग’ या मासिकाने १९९६ मध्ये मोहीम सुरू केली आणि रंगवलेले मासे ठेवणार नाही असं दुकानदारांकडून लिहून घ्यायला लागलं. मासे पाळणारेच मासे पाळणाऱ्यांच्या मागे लागले. आपल्याकडे हौशी लोकांचे व्हॉट्सॲप गट आहेत, रविवारी कुर्ल्याला जाणारे दर्दी आहेत, पण त्यांची चर्चा फिल्टर, टाकीतल्या वनस्पतींसाठी सोडायचा कार्बन डायऑक्साइड आणि फ्लॉवरहॉर्न माशाच्या डोक्यावरचा उंचवटा यांवर अडते. दुकानदाराला ‘हा कलर ओरिजिनल आहे का’ असं विचारलं तर तो होच म्हणणार. त्याऐवजी ‘याची पिल्लं याच रंगाची होतात का’ हे विचारावं. मग तो एक तर खरं सांगतो, नाहीतर पोराला हाक मारून दुसरं गिऱ्हाईक बघायला लागतो, आणि दोन्हीतून उत्तर मिळतं.

दया येऊन रंगवलेला मासा विकत घेऊ नये. दुकानदाराच्या वहीत दयेचा रकाना नसतो, विक्रीचा असतो, आणि पुढची मागणी त्यावरूनच जाते. आधीच घरात असलेला मासा मात्र टाकून द्यायचं कारण नाही. ग्लासफिश सहा-सातच्या घोळक्यात शांत राहतो, त्याला जिवंत किंवा गोठवलेलं खाद्य आवडतं, अंगावर गाठी दिसल्या तर त्याला वेगळ्या टाकीत ठेवावं. आणि कंटाळा आला म्हणून तलावात किंवा नदीत तर कधीच सोडू नये. असंच दयाबुद्धीने सोडलेला सकर मासा आज देशातल्या कितीतरी नद्या-धरणांत जाळी फाडत फिरतो आहे. ठेवायचा नसेल तर दुकानात परत द्यावा, नाहीतर मोठी टाकी असलेला ओळखीचा कुणीतरी शोधावा.